प्रोसेसर शीतलता मंडळाची हिवाळी तपासणी

संकटकाळात प्रत्येक समाजाला काहीतरी मोजत बसावं लागतं, नाहीतर जीव थाऱ्यावर राहत नाही. साथीच्या त्या वर्षात सरकारं रुग्ण मोजत होती, डॉक्टर ऑक्सिजन मोजत होते आणि नेदरलँड्समधली त्रेचाळीस मराठी कुटुंबं घरच्या संगणकातल्या प्रोसेसरचं तापमान मोजत होती. (कुटुंबं म्हणजे कुटुंबातला एक पुरुष. बाकीची मंडळी थंडीने काकडत होती, पण त्याची नोंद ठेवायची पद्धत नव्हती.)

या कार्याला शिस्त यावी म्हणून 'प्रोसेसर शीतलता मंडळ' स्थापन झालं. ऑफिसं बंद होती, तेव्हा प्रत्येकाने सुटे भाग मागवून स्वतःच्या हाताने संगणक जोडला होता. आणि स्वतः जोडलेल्या संगणकाचं माणसाला पोटच्या पोरापेक्षा जास्त कौतुक असतं, कारण तो डचमध्ये उलट उत्तर देत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी आठ वाजता आकडा टाकायचा, 'शुभ सकाळ' म्हणायला सक्त मनाई. पहिल्या वार्षिक अहवालानुसार सदस्य त्रेचाळीस, पंखे तीनशे अकरा, पाणी खेळवणाऱ्या नळ्या एकशे सव्वीस मीटर. एवढ्या ताकदीच्या संगणकाची खरोखर गरज असलेली व्यक्ती एक, आणि ती सदस्य नव्हती.

मंडळात अर्थातच दोन पंथ होते, हवेचा आणि पाण्याचा. त्यातून प्रोसेसर आणि त्याच्यावरचा थंडावा देणारा ठोकळा यांच्यामध्ये जी करडी पेस्ट लावतात, तिचा वाटाण्याएवढा ठिपका द्यावा की फुली मारावी, यावर ऑक्टोबरात मंडळ फुटता फुटता राहिलं. पोळीला तूप लावतो तसा सरळ हात फिरवावा, असं म्हणणाऱ्या मोहनला तीन आठवडे ग्रुपबाहेर ठेवण्यात आलं. परत आला तेव्हा तो मुकाट फुलीवाला झाला होता.

आता धवलकडे येऊ. धवल युट्रेख्टला चौथ्या मजल्यावर राहायचा, एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळायचा, आणि स्वभावाने अगदी साधा, म्हणजे पाणीपंथी होता. त्याच्या घरचा संगणक खरं तर बायकोसाठी आला होता. सुरुची विद्यापीठात पीएचडी करत होती. इथली दलदलीची जमीन वर्षाला किती खचते, हा तिचा विषय. प्रयोगशाळेला टाळं लागलं आणि शेवटचं मोठं गणित घरीच चालवायची पाळी आली. नव्या संगणकावर ते गणित सहा दिवसांत सुटणार होतं. पंधरा फेब्रुवारीपर्यंत प्रबंधाचं पाचवं प्रकरण गेलं नाही, तर आर्नहेमची ठरलेली नोकरी हातची जाणार होती.

नोव्हेंबरात संगणक जोडून झाला, दोघांनी पेढा खाल्ला आणि सुरुचीने गणित सुरू केलं. तापमान चौऱ्याऐंशीवर गेलं. अकराव्या मिनिटाला धवलने, केवळ भूतदयेपोटी, गणित बंद पाडलं.

"अरे, तो तापणारच ना! काम करतोय तो," सुरुची म्हणाली.

"अगं, पण चौऱ्याऐंशी? ग्रुपवर काय तोंड दाखवू?"

यानंतरचा घटनाक्रम नोंदींवरून असा दिसतो. पंखे चार होते, ते सात झाले. 'आता चालवू?' असं सुरुचीने विचारलं, तर पेस्ट बसायची होती. मग नळ्या बदलल्या. 'आता?' तर नळ्यांत हवेचा बुडबुडा होता. नाताळात पेस्टच मुळात वाटाणा पद्धतीची लागल्याचं निष्पन्न झालं आणि सगळं पुन्हा उघडण्यात आलं. असं एकूण एकोणीस वेळा विचारण्यात आलं. विसाव्यांदा तिने विचारलं नाही, आणि बायको शहाणी झाली याचा धवलला मनापासून आनंद झाला.

तीन जानेवारीला सुरुचीने आपला जुना लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मांडला आणि तेच गणित त्याच्यावर सुरू केलं. त्याचा एक कान तुटका, म्हणजे बिजागरी गेलेली. पंखा असा ओरडायचा की मिक्सरने ऐकत राहावं. गणिताला त्याने मुदत सांगितली एक्केचाळीस दिवस. तिने बोटांवर मोजलं, तेरा फेब्रुवारी. देवाचं नाव घेतलं आणि वर स्वच्छ फडकं टाकलं. तो इतका तापायचा, की इडलीचं पीठ, जे या देशात डिसेंबर ते मार्च दगडासारखं बसून राहतं, ते त्याच्या शेजारी ठेवलं की रात्रीत भांड्याबाहेर यायचं. धवल अधूनमधून तिथे हात शेकायला यायचा. फडक्याखाली काय आहे, हे त्याने विचारलं नाही. त्याला तेवढा वेळ नव्हता.

कारण मंडळात स्पर्धा जाहीर झाली होती. सुरुवातीला खोलीचं तापमान वजा करून निकाल लावायचे. पण त्यामुळे खिडक्या उघड्या ठेवणाऱ्या कष्टाळू सदस्यांवर अन्याय होतो, अशी तक्रार आल्यावर ती वजाबाकी रद्द झाली. लगेच त्रेचाळीस घरांचे हीटर बंद झाले. मग कोणाच्यातरी लक्षात आलं की संगणक काही करत नसला की आकडा आणखी उतरतो. सदस्यांनी काम मोबाईलवर नेलं. पुढची पायरी उघडच होती: संगणक बंद ठेवणं. बंद संगणक स्वतःचं तापमान सांगत नाही, ही अडचण अध्यक्ष वासुदेवरावांनी सोडवली. बाडहूव्हडॉर्पला मालवाहतुकीच्या गोदामात ते पर्यवेक्षक होते आणि कामगारांच्या कपाळावर रोखायचं थर्मामीटरचं पिस्तूल त्यांच्याकडे असायचं. स्वतः वासुदेवराव सलग तीन आठवडे विजेते होते. त्यांचा संगणक सायकलींच्या शेडमध्ये खोक्यातच होता. त्यांनी तो अजून जोडलाच नव्हता.

फेब्रुवारीत बर्फ पडलं, पारा उणे दहाकडे गेला, आणि मंडळात दिवाळीचं वातावरण पसरलं. वासुदेवरावांनी हिवाळी तपासणी जाहीर केली. घरात दिवसाला एकच पाहुणा, हा सरकारी नियम असल्यामुळे ते एकटेच हिंडत होते. तेरा तारखेला, शनिवारी, ते धवलकडे आले.

सगळ्या खिडक्या सताड उघड्या. धवल दोन स्वेटर, टोपी आणि मास्क घालून दारात. वासुदेवरावांनी आधी पिस्तूल त्याच्या कपाळावर रोखलं. आकडा बघून भुवया वर गेल्या. "एकतीस! वा, धवल. यजमानच इतका थंड, म्हणजे घरात संस्कार आहेत."

"तुमचा आशीर्वाद, वासुदेवदादा," धवल म्हणाला. म्हणजे तसं म्हणायचा त्याचा प्रयत्न होता, दात वाजत होते.

संगणक भरला उणे दोन. वासुदेवरावांनी त्याच्यावरून हात फिरवला. नळ्यांतलं पाणी गोठून एक नळी उभी चिरली होती, तीही त्यांनी कौतुकाने पाहिली. "दुसरा क्रमांक पक्का," ते म्हणाले. धवलचे डोळे भरून आले. नोव्हेंबरापासूनचा त्याचा आटापिटा फळाला आला होता.

इतक्यात सुरुचीने गरम इडल्या आणल्या. वासुदेवरावांनी एक तोडली आणि थबकले. "वहिनी, असल्या थंडीत पीठ आलं कसं?"

सुरुची त्यांना ओट्यापाशी घेऊन गेली आणि तिने फडकं उचललं. एक्केचाळीस दिवस ओरडून लॅपटॉप नुकताच गप्प झाला होता. पडद्यावर शेवटची ओळ होती, गणित पूर्ण झाल्याची. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"अगं, हे... तू... कधीपासून?" धवलने विचारलं.

"तुझा बुडबुडा निघत होता, तेव्हापासून."

धवलला लाज वाटली. अगदी खरी वाटली, आणि ती जवळजवळ चार मिनिटं टिकली. वासुदेवरावांनी मात्र शांतपणे पिस्तूल रोखून आकडा घेतला: एक्क्याण्णव. वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, क्षणभर विचार केला आणि वही मिटली.

"क्षमा करा वहिनी, याची नोंद घेता येणार नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "हा काम करत होता."

सोमवारी पाचवं प्रकरण गेलं. एप्रिलपासून सुरुची आर्नहेमला रुजू झाली आणि लॅपटॉप घेऊन गेली. घरातला मोठा संगणक धवलने नव्या नळ्या घालून पुन्हा बंद ठेवला आहे.

तुम्हाला हसू आलं असेल. येऊ द्या. हसून झालं की मात्र उठा आणि शोकेसचं वरचं दार उघडा. लग्नात आलेला तो सोनेरी काठाचा डिनर सेट आहे ना, चांगल्या पाहुण्यांसाठी ठेवलेला? त्याला हात लावून पाहा, आणि किती थंड लागतो ते आम्हाला कळवा. मंडळात जागा आहेत, आणि संगणकाची अट आता काढून टाकण्यात आली आहे.