गिरजा चिचुंद्रीच्या अकरा शाली

एका जंगलात वाघ नव्हता, पण संशोधन संस्था होती. वाघ नसला तरी जंगलाचे अडत नाही, बाळांनो. संस्था नसली तर अहवाल कुठून येणार?

संस्था सांबरांनी काढलेली. त्यामुळे तिथली टेबले सांबरांच्या उंचीची, लिहायचे फळे सांबरांच्या नजरेसमोर, आणि उंबरठाही सांबराने सहज ओलांडावा असा. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. मापे घ्यायला सांबरांखेरीज तिथे कोणी नव्हतेच.

एके दिवशी वरून पत्र आले. तुमच्या संस्थेत बिळात राहणारे कोणीच कसे नाही?

संचालक सांबरराव दुखावले. "आम्ही कधी कुणाला अडवलंय? दार तर सताड उघडं असतं." पण पत्र वरचे होते. त्यांनी लगोलग 'बिळवासी सहभाग योजना' काढली आणि ओढ्याकाठची गिरजा चिचुंद्री निवडली.

गिरजाला योजनेचे काही नव्हते. तिला ओढ्याचे पाणी तपासायचे होते. ते पिऊन बिळातली पिल्ले पोट धरून लोळत होती. तिच्या आत्याची धाकटी तर आठ दिवस उठलीच नव्हती. पाण्यात काहीतरी कुजते आहे, हे गिरजाला वासावरून केव्हाच कळले होते. पण चिचुंद्रीने वासाबद्दल बोलावे, यावर जंगलात सगळे हसत. तेव्हा डोळ्यांनी बघून सांगणे भाग होते.

पहिल्याच दिवशी ती पाण्याचा थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकापाशी गेली. टेबलाच्या पायावरून कशीबशी वर चढली, तर भिंग अजून तितकेच उंच.

"सर, एक छोटं स्टूल मिळेल का?"

"अगं, स्टूल काय मागतेस बाळ!" सांबररावांना गहिवरून आले. "आम्ही तुझा सत्कार करणार आहोत."

सत्कार झाला. हार घातला, शाल पांघरली. शालीखाली गिरजा दिसेनाशी झाली. फोटोखाली छापले होते, 'डावीकडून तिसरी, शालीच्या आत.'

मग ती भांडारप्रमुख सांबरांकडे गेली. ते सज्जन होते.

"अर्ज तीन प्रतींत दे," ते म्हणाले. "कारण म्हणून 'मी बुटकी आहे' असं मात्र लिहू नकोस. समितीला वाईट वाटतं."

"मग काय लिहू?"

"लिही, टेबल उंच आहे."

तिने तसे लिहिले. समितीला जास्तच वाईट वाटले, कारण टेबल संस्थापकांच्या काळातले होते. अर्ज विचाराधीन राहिला.

सत्कार मात्र विचाराधीन राहत नसत. पहिली बिळवासी म्हणून सत्कार झाला, पहिली चिचुंद्री म्हणून झाला, पहिली लांब नाकाची म्हणून झाला. दर वेळी तिला विचारत, "तू इथवर कशी आलीस?" ती खरे तेच सांगे, "चालत." टाळ्यांचा कडकडाट होई. नंतर चहाला तिच्या शेजारी कोणी बसत नसे, सगळ्यांना अचानक कामे आठवत.

संध्याकाळी आत्या विचारी, "बघितलंस का गं पाणी?"

"नाही आत्या. आज हार घातला."

"हारानं पोरीचं पोट थांबणारे का?"

अकराव्या सत्काराच्या दिवशी सभागृह रिकामे झाल्यावर गिरजा टेबलावर बसून रडली. अगदी हमसून रडली. डोळे पुसायला तिने शाल ओढली. शाल चांगली जाड होती. रडणे तसेच टाकून तिने शालीची घडी घातली आणि तिच्यावर उभी राहिली. बोटभर उंची वाढली.

ती धावत जाऊन उरलेल्या दहा शाली घेऊन आली.

अकराव्या घडीवर तिचा डोळा भिंगाला टेकला. थेंबात झेंडूच्या कुजक्या पाकळ्यांचे कण तरंगत होते, आणि त्यांच्याभोवती सूक्ष्म जंतूंची नुसती जत्रा भरली होती. संस्थेतले सगळे हार कार्यक्रमानंतर भक्तिभावाने ओढ्यात सोडले जात. सांबरांचे आपापसातले सत्कार पूर्वीपासून होतेच. त्यात आता अकरा हार गिरजाचे होते. तिला फार लाज वाटली.

ती धावत सांबररावांकडे गेली. "सर, हार ओढ्यात टाकू नका. त्यानंच आमची पोरं आजारी पडताहेत!"

"शोध!" सांबरराव ओरडले. "बिळवासींचा पहिला शोध! अरे, हार आणा कुणीतरी!"

हार आला. पण या वेळी गिरजा फोटोला थांबली नाही. गळ्यातला हार फरपटत ती थेट ओढ्याकाठी गेली. आत्याने आणि सगळ्या बिळाने मिळून खोल खड्डा खणला. खणायला त्यांना शिकवावे लागत नव्हते. त्या दिवसापासून संस्थेचा प्रत्येक हार पाण्यात पडायच्या आधी खड्ड्यात गेला. आठवड्याने आत्याची धाकटी उठून बसली आणि तिने खायला गांडूळ मागितले.

संस्थेच्या वार्षिक अहवालात छापून आले, 'आमच्या सत्कारांमुळे ओढ्याचे पाणी सुधारले.' स्टुलाच्या अर्जावरही निर्णय झाला. 'उमेदवाराने स्टुलाशिवाय यश मिळवले आहे. सबब स्टुलाची आवश्यकता नाही.'

पुढच्या वर्षी योजनेतून एक उंदरी आली. टेबलाकडे मान वर करून ती म्हणाली, "ताई, इथे स्टूल..."

गिरजाने कपाट उघडले आणि अकरा शाली तिच्यापुढे ठेवल्या.

"घड्या नीट घाल," ती म्हणाली. "आणि सत्काराला नाही म्हणू नकोस. तुझ्यामागून येणारी तुझ्याहून बुटकी असेल."

तात्पर्य: बाळांनो, बुटक्यांना स्टूल कधी देऊ नये. स्टूल मिळाले की ते सरळ कामाला लागतात, आणि मग आपण सत्कार कोणाचा करायचा?