केसूनानांचं अर्धं कोर्ट

केसूनाना बॅडमिंटन खेळताना डाव्या बाजूला आलेलं फूल घेत नसत.

घेता येत नसे असं नव्हे. साठीला टेकलेला माणूस, पण उजव्या बाजूला मांजरासारखा चपळ होता. फूल मधल्या रेघेच्या डावीकडे गेलं की मात्र रॅकेट खाली. मग पडणाऱ्या फुलाकडे शांतपणे बघत म्हणायचे, "ते आपलं नाही." बरं, जोडीच्या खेळात हे ठीक होतं. एकेरीत सगळं कोर्ट एकट्याचंच असतं, हे जळगावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नानांनाही ठाऊक होतं. तरी ते हरत. रोज हरत आणि हरल्यावर समोरच्याच्या हातावर बत्तासे ठेवत. गावातले नवशिके आधी नानांकडे यायचे, दोन-चार डाव जिंकायचे आणि छाती फुगवून खऱ्या खेळाडूंकडे मार खायला जायचे.

मी मूळचा साताऱ्याकडचा. जळगावच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायला आलो आणि नानांच्या माडीवर भाडेकरू म्हणून राहिलो. आता विज्ञानाच्या मास्तराला 'का' विचारल्याशिवाय अन्न पचत नाही. मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "नाना, डावीकडचं फूल का सोडता?"

नाना म्हणाले, "मास्तर, माडीवर नळाला पाणी येतं ना? मग झालं तर."

विषय संपला. माझी खाज मात्र वाढली.

नानांची गावाबाहेर कापसाची जिन, म्हणजे सरकी वेगळी करायचा कारखाना होता. हंगाम संपून रुईच्या गासड्या रवाना झाल्या की गोदाम दसऱ्यापर्यंत मोकळं. उंच पत्रा, चारी बाजूंनी भिंती, वाऱ्याची झुळूक नाही. बॅडमिंटनला यापरतं काय हवं? जमिनीवर चुन्याच्या रेघा मारायच्या, मध्ये जाळी बांधायची की झालं कोर्ट. कोपऱ्यांत चिकटून राहिलेली रुई खेळताना उडायची आणि नाकात जायची. निम्मे डाव शिंकण्यात जायचे. नाना धोतर वर खोचून, बंडी घालून उतरायचे. पायात कॅनव्हासचे बूट, कारण चामड्याचे त्यांना चालत नसत.

नाना जैन होते आणि भलतेच कडक होते. कुठलीही नवी वस्तू समोर आली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "यामा जीव शे का?" यात जीव आहे का, हे ते भाजीवालीला विचारत, सोनाराला विचारत, साबण विकणाऱ्याला तर तासभर बसवून ठेवत. एकदा मी लोकरीचा स्वेटर घालून खाली उतरलो.

"यामा जीव शे का, मास्तर?"

"नाही नाना. मेंढीची फक्त लोकर कापतात. मेंढी जिवंतच असते."

नाना विचारात पडले. "मग आता तिला थंडी वाजत असंल, त्याचं काय?"

त्या हिवाळ्यात तो स्वेटर मी नाना घरात नसतानाच घातला.

असल्या माणसाने खेळ निवडला तो नेमका बॅडमिंटन! रॅकेटची तार म्हणजे जनावराचं आतडं. फुलाला बदकाची पिसं आणि बुचावर चामडं. पण नाना हार जाणारे नव्हते. तारेसाठी त्यांनी मुंबईहून नायलॉन आणवलं. ते बघून कुणीतरी म्हणालं, "नाना, ही तर मासे धरायची दोरी." नानांची रात्रीची झोप उडाली. शेवटी त्यांनीच निवाडा केला, की दोरीला गळ लागेपर्यंत दोरी निष्पाप आहे. फूल त्यांनी घरीच बनवलं. औषधाच्या बाटलीचं बूच, त्यावर मांजरपाट आणि पिसांच्या जागी केळीच्या खोडाचं वाळलेलं सोपट. सोपट रावेरकडचा एक शेतकरी कापसाच्या गाडीतून आणून देई. ते फूल मारलं धुळ्याच्या दिशेने तर पडायचं भुसावळच्या दिशेने. पण त्यात जीव नव्हता, एवढं नक्की.

डाव्या बाजूचा उलगडा मला झाला तो दगडूआबांकडून. आबा जिनमधले जुने मापाडी, कापूस तोलता तोलता म्हातारे झालेले. मी एकदा त्यांना चहा पाजला आणि हळूच विषय काढला.

"ती बाजू मोतीभाऊनी शे," आबा म्हणाले.

मोतीभाऊ म्हणजे नानांचे धाकटे बंधू. दोघं कायम जोडीने खेळत. नाना उजवीकडे, मोतीभाऊ डावीकडे. घरात दोघं मारवाडी बोलत, पण खेळताना आणि भांडताना खान्देशी. आबा म्हणाले, दोघं खेळू लागले की हमालसुद्धा पोतं पाठीवर घेऊन बघत उभे राहत, खाली ठेवायचं भान नसे. मग एका वर्षी, ऐन पर्युषणाच्या पवित्र दिवसांत, मोतीभाऊंनी मुंबईहून खऱ्या पिसांच्या फुलांचा डबा आणला. नानांनी डबा उचलला, जिनच्या मागे लिंबाखाली खड्डा खणला, सगळी फुलं त्यात पुरली आणि हात जोडून नवकार मंत्र म्हटला. मोतीभाऊ बघतच राहिले. मग ओरडले, "मरेल बदकनी इतली दया, अन् जित्या भाऊनी नही?" आणि दिवाळीला बिऱ्हाड उचलून धुळ्याला गेले. तिथे त्यांनी तेलाची गिरणी टाकली.

तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. नानांचं म्हणणं, तो धाकटा आहे, त्याने यावं. मोतीभाऊंचं म्हणणं, फुलं थोरल्याने पुरली, त्याने बोलवावं. समाजातल्या लग्नात दोघं भेटत. एक पहिल्या पंगतीला बसे, दुसरा शेवटच्या. नानी केव्हाच देवाघरी गेल्या होत्या आणि मुली आपापल्या सासरी होत्या. एवढ्या मोठ्या घरात खाली नाना आणि वर मी. गोदामातलं अर्धं कोर्ट नानांनी भावासाठी राखून ठेवलं होतं आणि त्यापायी ते गावभरच्या पोरांकडून हरत होते. हे कळल्यावर मला त्यांची थट्टा करवेना.

पासष्ट सालची लढाई नुकतीच थांबली होती, तेव्हाची गोष्ट. सकाळी नाना पेपर घेऊन माडीचा जिना चढून आले. गुडघे दुखतात म्हणून ते कधी वर येत नसत.

"मास्तर, लखनौला बठ्ठ्या, सगळ्या आशिया खंडाची बॅडमिंटन स्पर्धा आहे. एकेकट्याचीही आणि संघांचीही. इतके देश येणार. त्यातला एखादा तरी बिनपिसाच्या फुलाने खेळत असंल की नाही?"

"असेलही," मी म्हणालो.

"असेलही नाही, असणारच. ते फूल आणायचं आणि मोत्यासमोर ठेवायचं. म्हणायचं, बघ, थोरला चुकला नव्हता! चला. तुम्हाला इंग्रजी येतं."

आता कापसाचा हंगाम सुरू झालेला. जिनच्या दारात जामनेरपासूनच्या बैलगाड्यांची रांग. अशा वेळी जिनवाल्याने गाव सोडणं म्हणजे नवरदेवाने मांडव सोडणं. दगडूआबांनी कपाळावर हात मारला. नाना मात्र दशम्यांचा डबा आणि पिशवीभर सोपटाची फुलं घेऊन गाडीत चढले. मीही गेलो. भांडण जिंकायला हजारएक किलोमीटर जाणारा माणूस रोज कुठे बघायला मिळतो?

लखनौला पहिल्याच दिवशी नानांचा चेहरा उतरला. जो येईल तो पिसांच्याच फुलाने खेळत होता. नाना मला कोपराने ढोसत. "हे जपानवाले?" पिसांचंच. "ते मलायाकडचे?" पिसांचंच. शेवटची आशा थायलंडवर होती. "ती बुद्धाची माणसं, मास्तर. ती तरी?" मी खाली जाऊन विचारून आलो. बुद्धाच्या माणसांचंही पिसांचंच होतं. नानांनी फुलांची पिशवी मांडीवर ओढून घेतली. एकेरीत आपल्या देशाचा गडी जिंकत चालला होता, सारे प्रेक्षक उभे राहून ओरडत होते आणि नाना टाळ्या वाजवत होते त्या केवळ रीत म्हणून.

त्यांचा जीव अडकला तो सांघिक सामन्यात. एक खेळाडू आपला सामना वाईट रीतीने हरला, टॉवेल डोक्यावर घेऊन बाकावर बसला. नाना त्याच्याकडेच बघत राहिले. तासाभराने त्याच्या संघाने शेवटचा सामना जिंकला, तसा तो टॉवेल फेकून नाचू लागला.

"हा तर हरला होता ना?" नानांनी विचारलं.

"हो. पण संघ जिंकला."

"म्हणजे स्वतः हरूनही नाचता येतं?"

"येतं की. नियमच तसा आहे."

नानांनी हा नियम माझ्याकडून तीनदा वदवून घेतला. मग म्हणाले, "चला, मला एक विचारायचं आहे." बाहेर एक परदेशी जोडी उभी होती. नानांनी आधी पिशवीतून सोपटाचं फूल काढून त्यांना दिलं. त्यातल्या एकाने मोठ्या अदबीने ते मारलं. फूल वळसा घेऊन एका पंचाच्या टोपीवर जाऊन बसलं. दोघं पोट धरून हसले, नानाही हसले. मग माझ्याकरवी त्यांनी प्रश्न विचारला: दोघांच्या बरोबर मधोमध फूल आलं तर ते कोणी घ्यायचं? थोरल्याने की धाकट्याने?

थोरला-धाकटा इंग्रजीत सांगताना माझी तारांबळ उडाली. खेळाडू म्हणाला, "जो आधी ओरडेल त्याने."

"आणि कुणीच नाही ओरडलं तर?"

"मग ते खाली पडतं," त्याचा जोडीदार म्हणाला.

परतीच्या प्रवासात नानांनी दशम्यांचा डबाही उघडला नाही. दशम्यांचा डबाही उघडला नाही. जळगाव आलं, मी वळकटी उचलली. नाना जागचे हलेनात.

"नाना, उतरायचं ना?"

"मी चाळीसगावला उतरणार. तिथून धुळ्याची गाडी आहे." मग म्हणाले, "तुम्हीही चला, मास्तर. एकट्याने मला जमायचं नाही."

जिनवर बैलगाड्या खोळंबलेल्या, माझी शाळा बुडालेली. तरी मी वळकटी खाली ठेवली.

धुळ्याला मोतीभाऊंच्या गिरणीपाशी पोचलो तेव्हा ऊन अगदी उतरलं होतं. नाना फाटकाशी उभे राहिले. कापसाच्या बोलीत ज्यांचा आवाज सगळ्या बाजाराला ऐकू जाई, त्या नानांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, आता मागे फिरणार.

"मोत्या!" नाना एकदम ओरडले. "मोत्या, मी उनू रे! मनी चूक व्हती!"

मी आलो, चूक माझी होती, असं थोरला भाऊ फाटकातून ओरडतोय हे ऐकून गिरणीतले लोक वळून बघू लागले. आतून एक टकले, तेलकट बंडीतले गृहस्थ बाहेर आले. तोच नानांचा चेहरा, फक्त थोडा गोल. मोतीभाऊंनी भावाकडे पाहिलं, त्यांच्या सुकलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि मग पश्चिमेला पाहिलं. नमस्कार नाही, 'ये' नाही, 'कसा आहेस' नाही.

"भाऊ, दिन बुडी ऱ्हायना," ते म्हणाले. "पहिले जेवाले बठ. भांडण मंग करसूत."

सूर्यास्तानंतर नाना पाण्याचा घोटसुद्धा घेत नसत, हे त्यांच्या भावाइतकं कुणाला ठाऊक असणार? मग घरात एकच धांदल उडाली. वहिनींनी, म्हणजे मोतीभाऊंच्या पत्नीने, पदर खोचून फुलके टाकायला घेतले, कुणी पाट मांडले, कुणी डाळ गरम केली. आम्ही हात-पाय धुऊन बसलो. पहिला घास तोंडात गेला आणि नानांच्या डोळ्यांना धार लागली. ते पुसायलाही थांबले नाहीत, तसेच जेवत राहिले. मोतीभाऊ जेवायला बसले नव्हते. ते दारात उभे होते, तोंड अंगणाकडे, आभाळावर पहारा देत असल्यासारखे.

"दिन आजून शे, भाऊ. खाय," ते म्हणाले. वहिनींनी आणखी एक फुलका वाढला.

मी विज्ञानाचा मास्तर. माझ्या पाटावरून मोतीभाऊंच्या बाजूने अंगण स्वच्छ दिसत होतं. सूर्य केव्हाच बुडाला होता. गिरणीच्या पत्र्यावरची लालीसुद्धा विझली होती. वहिनींनी दिवा लावायला काडी हातात घेतली, तेव्हा मोतीभाऊंनी त्यांना डोळ्यांनीच थांबवलं.

नानांच्या तर अगदी समोर दार होतं. पण आयुष्यभर ज्यांनी साबणाच्या वडीलाही जाब विचारल्याशिवाय सोडलं नाही, त्या नानांनी एकदाही मान वर केली नाही. अंधारत चाललेल्या ताटाकडे बघत ते सावकाश, पोटभर जेवत होते, आणि दारातून मोतीभाऊ पुन्हा पुन्हा सांगत होते, "आजून शे, भाऊ. आजून शे."