तांबेऱ्याचा दुसरा पत्ता

दामूअण्णा आमच्याकडे आले की माणसांकडे बघत नसत. सरळ परसात जात, उकिडवे बसत आणि अबोलीचं पान उलटं करून त्याला भिंग लावत. "हिच्यावर नाय!" असं ओरडून झालं की मगच आम्हाला ओळख देत.

अण्णा म्हणजे आमच्या शेणवे गावचे रिटायर्ड पोस्टमन. एकटेच राहायचे. नव्वद सालानंतर कधीतरी फौजेतल्या भाच्याने उत्तरेकडून पीचचं रोप आणून दिलं आणि अण्णांना वेडच लागलं. झाड पुरुषभर वाढलं. पण दर वर्षी पाऊस ओसरला की पानांवर पिवळे ठिपके, पानाखाली तपकिरी भुकटी आणि मग पानगळ. तांबेरा! एकदा तरी फळ धरावं एवढीच अण्णांची इच्छा. त्यांनी शेतकी कॉलेजातल्या एका सरांना कार्ड टाकलं. उत्तर आलं, की हा रोग काही काळ ॲनिमोन नावाच्या दुसऱ्याच फुलझाडावर काढतो.

झालं! अण्णा ते कार्ड नाचवत माझ्या वर्गात शिरले, ऐन गणिताच्या तासाला. "मास्तर, तांबेऱ्याला दोन पत्ते हायेत! एक माझ्याकडं, दुसरा आता शोधून उपटतो!"

ॲनिमोन दिसतं कसं, हे पंचक्रोशीत कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे झेंडूपासून जास्वंदीपर्यंत सगळेच संशयित. धसईच्या बाजारात भेंडी विकणाऱ्या बाईला यांनी विचारलं, "घरी फुलं कुठली लावलीस गो?" बाई टोपली उचलून निघाली, तर हे तिच्या मागोमाग तिच्या घरी! झाड तपासायला पाच मिनिटं, मग नातवाचा अभ्यास, सुनेचं माहेर, म्हशीचं दुखणं. चार वर्षं हे चाललं आणि मी चार वर्षं हसलो.

मग अण्णांनी त्याच सरांकडून ॲनिमोनचं चित्र मागवलं. चित्राऐवजी इंग्रजीत कार्ड आलं, म्हणून ते माझ्याकडे घेऊन आले. मी वाचून सांगितलं, "आपल्यासारख्या उष्ण भागात हा तांबेरा वर्षभर पीचवरच तग धरतो. दुसरं झाड लागतच नाही. सुटलात अण्णा! गळलेली पानं जाळा, गंधक फवारा, झालं काम!"

अण्णांनी कार्ड परत घेतलं आणि दुमडलं. पोस्टमनने कार्ड दुमडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"म्हंजे आता कुणाकडं जायचं नाय?" ते म्हणाले. "पत्रं होती तवा घराघरातनं हाका यायच्या, मास्तर. आता नुसतंच कसं जायचं कुणाकडं?"

मला स्वतःची लाज वाटली. आमची ही दारात उभी राहून ऐकत होती.

"अण्णा, त्या कार्डाचं राहू द्या," ती म्हणाली. "आमच्या मोगऱ्यावर कायतरी दिसतंय. रोज बघायला लागंल."

मोगरा हिरवागार होता. ते अण्णांनाही दिसत होतं.

"सकाळी येऊ का संध्याकाळी?" त्यांनी विचारलं.

"जेवायच्या टायमाला या," ती म्हणाली.