सव्वा तासावरचं मस्कत

मंगळवारी सकाळी तात्या परब गेले. त्यांची एकुलती एक मुलगी, शुभा, तेव्हा मस्कतला होती.

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत तात्यांचं दार माझ्या दाराला लागून. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की लगेच केर काढू नये, हे कोकणातल्या पुष्कळ घरांत पाळतात. तात्यांनी ते विमानाला लावलं, आणि सबंध गॅलरीला लावलं. शुभाचं विमान सुटलं की ते बनियनवरच गॅलरीभर धावत. "सुटलं रे सुटलं! झाडू खाली ठेवा! पोर उतरेपर्यंत केर नाही काढायचा!"

"तात्या, लेक तुमची विमानात आणि कचरा माझ्या दारात!" पलीकडच्या नलूताई कडाडत.

"अगो, मस्कत म्हणजे काय लंडन? सव्वा तास! तुझी बहीण विरारहून याच्यापेक्षा उशिरा पोचते!"

सव्वा तास त्यांनी तिकिटावरून काढला होता. इथून सुटायची वेळ, तिथे उतरायची वेळ, वजाबाकी. इस्त्रीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ते हा शोध ऐकवत. मी एकदा म्हटलं, "तात्या, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं. प्रवास पावणेतीन तासांचा आहे. नाहीतर येतानाच्या तिकिटावर सव्वाचार तास का दिसतात?"

"येताना खजूर असतात. विमानाला ओझं नको व्हायला?"

वहिनी, म्हणजे तात्यांच्या पत्नी, दारात तांदूळ निवडत होत्या. त्या हसल्या. तात्यांनी मला दंडाला धरून जिन्यापाशी नेलं.

"मास्तर, घड्याळाचं मला कळतं. पण शुभा गेली तेव्हा हिनं जेवण टाकलं होतं. सव्वा तास म्हटलं तेव्हा कुठे दोन घास गेले. आता पोरीला आणखी लांब कशाला न्यायची?"

पुढे वहिनी गेल्या. तात्यांचा सव्वा तास तेवढाच राहिला.

त्या मंगळवारी शुभा फोनवर एवढंच म्हणाली, "काका, मी निघतेय. बाबांना नेऊ नका."

खाली माणसं जमली होती. तात्यांचे एक चुलतभाऊ म्हणाले, "परदेशातून ती कधी पोचणार? उगाच ताटकळत ठेवू नका. उरकून घेऊ."

मी शुभाचं म्हणणं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात नलूताई पुढे आल्या. "परदेश कसला हो? सव्वा तासावर आहे पोर. थांबायचं."

दुपारी माझ्या मोबाईलवर शुभाचा निरोप आला. मी तो नलूताईंना दाखवला. त्या उठल्या आणि गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दारोदार सांगत गेल्या, "सुटलं गो. झाडू खाली ठेवा."

संध्याकाळी शुभा आली. मग आम्ही तात्यांना खांदा दिला.

आता तात्यांच्या दाराला कुलूप असतं. शुभा मधूनमधून येऊन घर उघडते, चार दिवस राहते, परत जाते. तिचा पोचल्याचा फोन येईपर्यंत गॅलरीत कुणी केर काढत नाही.