हेल्गाच्या वडिलांची रजा

आमचे हे कुणाला ‘कसे आहात’ असं विचारत नाहीत. ‘रुजू कधी झालात?’ असं विचारतात. पनवेलजवळ सुकापूरला राहायला आलो त्या दिवशी लिफ्टमध्ये भेटलेल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. गॅसवाल्याला विचारलं. आमच्या वृषालीला बघायला मुलगा आला, तर चहाच्या आधी त्याला विचारलं. तो बिचारा ‘जूनमध्ये’ म्हणाला, तर हे म्हणतात, “मध्यान्हपूर्व की मध्यान्हानंतर?” तरी त्याने लग्न केलं, हे आमचं नशीब.

छत्तीस वर्षं यांनी पनवेलच्या एका सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत काढली. म्हणजे नोकरदारांची सेवापुस्तकं सांभाळायची. कोण कधी लागला, कुठे बदली झाली, किती रजा घेतली. घरतभाऊंनी, म्हणजे यांनी, लिहिलेलं पुस्तक कुठल्याही तपासणीतून परत यायचं नाही. यांची दोन ब्रह्मवाक्यं. पहिलं, “माणूस कामावरून कळत नाही, रजेवरून कळतो.” आणि दुसरं, “कागद आहे?” गव्हाणचा माझा भाऊ एकदा हात फाकवून सांगत होता, एवढा जिताडा लागला गळाला. हे शांतपणे म्हणाले, “कागद आहे?” भाऊ त्यानंतर वर्षभर आमच्याकडे मासळी घेऊन आला नाही.

तर अशा या माणसाने म्हातारपणी मला सवत आणली. तीही जर्मन, आणि वय वर्षं ऐंशी.

वृषाली जर्मनीत असते. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिच्याकडे गेलो होतो. तिच्या खालच्या मजल्यावर हेल्गा नावाच्या बाई एकट्या राहतात. पांढरेशुभ्र केस, गुलाबी गाल, चालणं ताठ. ऐंशीव्या वर्षी इतकं ताठ कोण चालतं हो? यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, वडील कुठे रुजू होते? वृषालीने कपाळाला हात लावत भाषांतर केलं. बाईंनी आतून एक फोटो आणला. वडील महायुद्धात वैमानिक होते. रात्रीच्या लढाऊ विमानाचे. शत्रूची बॉम्ब टाकणारी विमानं अंधारात हुडकून पाडायची, हे त्यांचं काम. शेवटच्या हिवाळ्यात हेल्गा जन्मली आणि दोनच महिन्यांत त्यांचं विमान पडलं. आई कधी काही बोलली नाही. बाईंना एवढंच हवं होतं, वडिलांनी आपल्याला एकदा तरी पाहिलं होतं का?

“म्हणजे रजा,” हे म्हणाले. डोळे लकाकले. “रजेची नोंद बघावी लागेल.”

झालं! पनवेलला परतल्यावर यांनी कोरं सेवापुस्तक विकत आणलं आणि पहिल्या पानावर त्या माणसाचं नाव घातलं. घरात त्यांचा उल्लेख ‘कार्लराव’. ओळखीची खूण: उजव्या भुवईवर व्रण, फोटोवरून. बोटांच्या ठशांचा रकाना मात्र रिकामा राहिला, त्याची यांना कोण हळहळ! मी म्हटलं, “अहो, माणसं मारणारा माणूस तो. त्याची कसली पुस्तकं भरताय?” तर म्हणाले, “चांगला की वाईट असा रकाना सेवापुस्तकात नसतो. आणि मुलीचा प्रश्न वेगळा आहे.”

मुलीचा! ऐंशी वर्षांची मुलगी!

मग पत्रं सुरू झाली. अभिलेखागारांना, संग्रहालयांना, आणि दर रविवारी हेल्गाला. हे मराठीत लिहिणार, वृषाली भाषांतर करून पाठवणार. तिकडच्या कचेऱ्यांची उत्तरं आली की मला जावक क्रमांक दाखवायचे. “बघ, कसं टापटीप काम आहे!” भरती सापडली, प्रशिक्षण सापडलं, तीन बदल्या सापडल्या. मधल्या सात महिन्यांचा खंड निघाला तर यांना ताप यायचाच बाकी होता. तो माणूस पाय मोडून इस्पितळात होता असं कळलं, तेव्हा कुठे घरात वरण-भात शांतपणे जेवता आला.

माझा मात्र जळफळाट होत होता, आणि मी तो लपवणार नाही. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात यांनी मला एक पत्र लिहिलेलं नाही. आणि त्या बाईला ‘गुटन टाग’, म्हणजे नमस्कार! सकाळी आरशासमोर उभं राहून त्याचा सराव! मी एकदा मुद्दाम गुलाबी साडी नेसून पुढ्यात बसले. म्हणाले, “जरा सरक, उजेड अडतोय.”

आणि रजेचं म्हणाल, तर ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वृषालीच्या वेळी मी गव्हाणला माहेरी होते. हे निवडणुकीच्या कामावर महाडकडे. रात्रंदिवस मी दाराकडे बघत होते. आई रोज विचारायची, “जावय आला नाय गो अजून? त्याला पोरीची माया हाय का नाय?” हे उगवले ते बाराव्या दिवशी, थेट बारशाला, हातात जिलबीचा पुडा. का आला नाहीत म्हणून विचारलं तर म्हणाले, “काम होतं.” दोनच शब्द. ते मी आजवर विसरलेले नाही.

गेल्या महिन्यात जर्मनीहून एक गठ्ठा आला. कार्लरावांच्या तुकडीचं रजेचं रजिस्टर, शेवटच्या हिवाळ्याचं. हे भिंग घेऊन बसले. संध्याकाळी भिंग खाली ठेवलं. पानावर सगळ्यांची नावं होती. कुणाला चार दिवस, कुणाला सहा. कार्लराव नव्हते.

दुसऱ्या दिवशी हे जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी दोन घास. रविवार आला, पत्र लिहायचं होतं, आणि हे कोऱ्या कागदापुढे नुसते बसून. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

“तिचा बाप आला नाही म्हणून तुमच्या घशाखाली घास उतरत नाही! आणि माझ्या पोरीचा बाप बारा दिवस आला नाही, तेव्हा कोण उपाशी राहिलं होतं?”

यांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

“नामंजूर अर्जाची नोंद सेवापुस्तकात घेत नाहीत,” हे म्हणाले.

“त्याचं काय?”

“मी दिले होते. तीन.”

मला आधी कळलंच नाही. “कुणाला? कुठे?”

“महाडला. साहेबांना. तार आली त्या दिवशी एक, मग एक दिवसाआड. त्यांनी फाडून टोपलीत टाकले. तिसऱ्या वेळी म्हणाले, मुलगीच झाली आहे ना, कुठे पळून जातेय.”

“अहो, मग मला सांगायचं ना! चाळीस वर्षं मी तुम्हाला घालूनपाडून बोलतेय!”

“कागद नव्हता,” हे म्हणाले. “पुराव्याशिवाय कसं सांगणार?”

काय करावं या माणसाचं? मला हसू आलं आणि त्याच्या आतच रडू आलं. हे घाबरून पाणी आणायला उठले, तर मी हात धरून खाली बसवलं. खूप वर्षांनी धरला असेल.

मग मीच ते सेवापुस्तक पुढे ओढलं. शेऱ्याच्या रकान्यात माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, “रजेची नोंद नाही. अर्ज केला असावा.” मला वाटलं, आता हे ओरडतील. पण यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, “खाली सही कर. विनासहीची नोंद ग्राह्य धरत नाहीत.”

मी सही केली. मग हेल्गाला पत्र लिहायला घेतलं. हे सांगत होते, मी लिहीत होते. शेवटची ओळ मात्र यांना न विचारता माझी मी घातली: तुमच्या वडिलांनी किती अर्ज केले ते ठाऊक नाही, पण माझ्या नवऱ्याने तीन केले होते.

जळू दे की जरा तिलाही.