पाठमोऱ्या बाईचा स्कर्ट

"नातीचा स्कर्ट मीच शिवते," असं मी बोलून गेले तेव्हा माझं निम्मं लक्ष चुलीवरच्या दुधात होतं. दूध उतू गेलं नाही, पण पुढचं सगळं गेलं.

झालं होतं असं, की नातीच्या नाचाच्या गटाला रविवारी स्टेजवर उभं राहायचं होतं. सगळ्या मुलींना लाल, आखूड स्कर्ट. नाचाच्या बाईंनी बजावलं होतं, शुक्रवारच्या तालमीला जिच्या अंगावर स्कर्ट नसेल तिच्या जागी दुसरी उभी राहील. ती दुसरी तयारच होती. रोज कडेला बसून पाय हलवायची. आणि बाजारातला तयार स्कर्ट आमच्या नातीच्या कमरेवर थांबेल तर शपथ! अंगाने ती अशी, की घरात सगळे तिला काडीच म्हणतात. (मी बोलतेय आणि हे लिहून घेणारी तीच आहे. 'काडी' लिहायला कुरकुरत होती. म्हटलं, मग 'ओंडका' लिही, आजीबद्दल आहे असं समजतील लोक.)

मी शाळेची पायरी चढले नाही. आकडे मला टेपवर मुंग्या बसल्यासारखे दिसतात. पण उभा जन्म मशीनवर शिवलंय, ते नाडीच्या मापावर. नाडी कमरेला गुंडाळायची, जिथे टोकं भेटतील तिथे दोन्हीकडे गाठ मारायची, धरायला दोन्हीकडे वीतभर पुढे सोडून कापायची. झालं माप. नाडी खोटं बोलत नाही. काडीची नाडी घेतली, खूण म्हणून तिला लाल दोरा बांधला आणि शिवणाच्या डब्यात टाकली. त्याच रिळाची आणखी एक नाडी माझ्या नव्या परकरासाठी कापली. परकराच्या नाडीलाही मी कमरेच्या मापावर गाठी मारते, म्हणजे ती नेफ्यात तोंड लपवत नाही. नेफ्यात पिनेने नाडी ओवता ओवता, ओला टॉवेल खुर्चीवर टाकल्याबद्दल ह्यांची हजेरी घेतली. आमचे हे म्हणजे घड्याळजी. दुसऱ्यांची घड्याळं मिनिटाला चालवतील, स्वतःचा टॉवेल दोरीपर्यंत पोचवणार नाहीत.

कापड आणायला गेले तर दुकानदाराने खालचा एक खण ओढला. आत धूळ बसलेली पाकिटं. पाकिटात स्कर्ट बेतायचे तयार कागद, वर चित्र.

"घेऊन जा आजी, अशीच. ह्यांना कुणी हात लावत नाही."

"का रे? खराब आहेत?"

"खराब नाहीत. एका बाईंनी मागवली होती. म्हणाल्या, येते न्यायला." त्याने खण ढकलला. तो जरा अडला. "आल्याच नाहीत."

घरी येऊन पाकिटं बघितली. पहिल्यावर आखूड स्कर्टातली बाई, पाठमोरी. दुसऱ्यावर दुसरा स्कर्ट, बाई पाठमोरीच. तिसऱ्यावर ती वळली होती, पण उन्हाने चित्र उडालेलं, चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा डाग. म्हटलं, असू दे, आपल्याला तोंड कुठे शिवायचंय!

आतला कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा. त्यावर एकात एक रेघा, लहान मापापासून मोठ्यापर्यंत. आकडे वाचता येत नसले तरी मला काय त्याचं? नाडी चौघडी घातली, कागदाच्या कमरेवर ठेवली, जी रेघ जुळली ती धरली. जुळली ती सगळ्यात बाहेरची. नाडीवरचा लाल दोरा दिसला नाही. म्हटलं, गळून पडला असेल.

कागद जमिनीवर पसरला होता. पंखा बंद, खिडकी बंद. आणि तो कागद हळूच वर उचलला गेला. कमरेच्या बाजूने. कुशीवर वळताना बाई श्वास घेते ना, तसा. मग सावकाश खाली बसला.

मी त्याच्यावर कात्री ठेवली. भीती म्हणून नव्हे. (भीती म्हणूनच.)

स्कर्ट झाला. काडीने घातला, हूक लावला, हात सोडले, आणि स्कर्ट सरळ घोट्यांपाशी जाऊन बसला.

"आजी, हा माझा नाही."

"तुझाच आहे. नाडीने मोजलाय."

"मग नाडीलाच नाचायला पाठव!" म्हणाली आणि तालमीला पळाली.

मी स्कर्ट पुन्हा नाडीशी लावला. बरोब्बर. तसूभर फरक नाही. म्हणजे खोट कागदात. दुसरं पाकीट उघडलं. नाडी ठेवली, पुन्हा सगळ्यात बाहेरची रेघ. शिवला, काडीच्या अंगाला लावला, पुन्हा घोट्यांपाशी. सूनबाईंनी घालून बघितला तर तिच्याही कमरेवरून ओघळला. आणि सूनबाई काही नाजूक नाही. (हे लिहू नको गं. लिहिलंस?)

दोन वेगळी पाकिटं, दोन वेगळे स्कर्ट आणि कंबर एकच. घरात कुणाचीच नसलेली.

त्यात मला एक नवीनच सुरू झालं. मशीनवर वाकले, की कुणीतरी मागून दोन्ही हातांनी माझी कंबर आवळायचं. थट्टेने नव्हे. घट्ट, मुकाट्याने. श्वास वरच्या वर राहायचा. वळून बघावं तर मागे कपाट आणि कपाटाचा खांद्यापर्यंतच पोचणारा आरसा. दुसऱ्या दिवशी काही नाही, अगदी मोकळं. तिसऱ्या दिवशी पुन्हा ते हात.

वरच्या मजल्यावर नर्सबाई राहतात, नोकरी संपलेल्या. इतकी माणसं जाताना पाहिलीत, की जिवंत माणसाशी बोलतानाही आवाज हळूच. त्यांना बोलावलं. त्यांनी स्कर्ट उलटसुलट केले, पाकिटं पाहिली, आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"हात रोज येतात?"

"एक दिवस आड."

"पाळीने येते म्हणजे," त्या म्हणाल्या. "आजी, तुम्हाला अजून कळलं नाही? तुम्ही नातीचे कपडे शिवतच नाही आहात. कुणीतरी तुमच्याकडून स्वतःचे कपडे शिवून घेतंय."

सूनबाईंच्या हातातला कप बशीवर वाजला.

"मग स्कर्ट उसवून बारीक करू?" मी विचारलं.

"दुसऱ्याचा कपडा? अंगावर येईल हं."

हे पेपराच्या आडून म्हणाले, "शिलाई घेतलीस का तिच्याकडून आगाऊ?" ह्यांचा विनोद म्हणजे बंद घड्याळ, दिवसातून दोनदाच बरोबर येतं. ती वेळ ही नव्हती.

लाल कापड संपत आलं होतं. उरलेल्या तुकड्यात तिसरं पाकीट बेतायची मला छाती होईना. त्या पांढऱ्या डागाकडे बघितलं की वाटायचं, तिथे कुणाचा तरी चेहरा उमटायचा बाकी आहे. आणि काडी जेवेना. भांडली असती तर बरं होतं. गुरुवारी नुसती म्हणाली, "राहू दे आजी. दुसरी करेल माझ्या जागी. तिला सगळं येतं." आणि ताट घासायला उठली. न सांगता ताट घासायला उठलेली मुलगी मला बघवेना.

शुक्रवारी दुपारी घर रिकामं झालं. सूनबाई कामावर, काडी शाळेत, हे न्हाव्याकडे. तालीम संध्याकाळी. हात आज पुन्हा आले होते, सकाळपासून आवळून धरलेले. मी दोन्ही स्कर्ट खुर्चीवर टाकले आणि कमरेवर हात ठेवून म्हटलं, "हे बघ बाई, तू जी कोण असशील ती. मी कुणाची शिलाई बुडवली नाही, पण माझी नात उपाशी आहे. तुझा असेल तर घाल आणि दाखव. नाहीतर मी कात्री लावते."

काही हाललं नाही. जमिनीवरचा कागद तेवढा सुस्कारला.

मग मनात आलं, घरात सगळ्यांनी घालून झाला. राहिलं कोण? हे. ह्यांना स्कर्ट घालायला भूतही धजणार नाही. आणि राहिले मी.

दार ओढून घेतलं. परकराची गाठ सोडली, परकर खाली पडला, आणि हात सुटले. एकदम. छातीभर श्वास आला. अंगावर काटा उभा राहिला. मी स्कर्ट चढवला आणि हूक लावला.

बसला. बोट शिरेल एवढी फट नाही. माझ्याच अंगावर बेतून शिवावा तसा बसला.

स्कर्ट मागून कसा दिसतो ते बघायला मी आरशाकडे पाठ केली, मान वळवली, आणि थिजले. आरशात लाल आखूड स्कर्टातली बाई उभी होती. पाठमोरी. चेहरा नसलेली. अगदी पाकिटावरची.

किती वेळ उभी होते कोण जाणे. नजर आपोआप खाली गेली, पायाशी पडलेल्या परकरावर. नेफ्याच्या तोंडातून एक इवलासा लाल दोरा जीभ काढून मला वेडावत होता.

काडीच्या मापाची नाडी माझ्या नव्या परकरात. माझ्या परकराची नाडी शिवणाच्या डब्यात. नवा परकर एक दिवस नेसायचा, एक दिवस दोरीवर वाळायचा. नर्सबाईंची ती पाळीने येणारी बाई दोरीवर वाळत होती! आणि मी आठवडाभर जिच्यासाठी स्कर्ट शिवत होते, ती बाई इथेच राहते, दोन्ही वेळ पोटभर जेवते.

अंगावरचा स्कर्ट उतरवला, उसवला, लाल दोऱ्याच्या नाडीवर बारीक केला. संध्याकाळी काडी त्यात गिरकी घेऊन बघत होती आणि स्कर्ट तिच्या कमरेला चिकटून होता. रविवारी ती स्टेजवर पुढच्या रांगेत नाचली. नाडीचं मी अवाक्षर काढलं नाही. म्हटलं, भुताने केलं, भुतापाशी राहू दे.

पण त्याच शुक्रवारी हे घरी आले होते ते नर्सबाईंना घेऊनच. दाढी अर्धीच झालेली. चष्मा घरी विसरला म्हणून मधेच परत आले होते, दार ढकललं होतं, आणि तो न घेताच जिन्याने वर पळाले होते.

"होती!" हे म्हणाले. "कपाटापुढे. लाल स्कर्ट, पाठमोरी. ह्या डोळ्यांनी पाहिली."

"चेहरा?" नर्सबाई कुजबुजल्या.

"नव्हताच."

मी भाजी चिरत होते. राहवलं नाही. म्हटलं, "तरुण होती का हो?"

"छे!" हे म्हणाले. "चांगली जुनाट होती. पण नर्सबाई, एक सांगतो, आता मला तिची भीती नाही वाटत. एवढी कंबर घेऊन ती आमच्या खिडकीतून यायची कशी?"