गंगाधरकाकांचा बर्फ

एप्रिलच्या उन्हात नांदेडमध्ये लोक गच्चीवर पापड वाळवतात. आमच्या शेजारचे गंगाधरकाका गच्चीवर बर्फाचे कडे कोसळवतात. परातीत साबुदाणा पसरायचा, त्यावर मैद्याचा जाड थर थापायचा आणि परात एका बाजूने हळूहळू उचलायची. दुसऱ्या हातात माझ्या शाळेतल्या कंपासपेटीतला कोनमापक. एका क्षणी मैद्याचा अख्खा थर साबुदाण्यावरून घसरतो आणि काका ओरडतात, "सुटली!"

खालून सुमनकाकूंचा आवाज येतो, "उद्या एकादशी हाय! मैद्याची खिचडी खाऊ काय?"

काका अहमदपूरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. निवृत्त झाले, पण माईक काही सुटला नाही. जिन्यात कुणी गप्पा मारत थांबलं की मागून "फलाट मोकळा करा" असं ऐकू येतं. बर्फ त्यांनी आयुष्यात पाहिला तो उसाच्या रसाच्या गाड्यावर.

हे सगळं रेणूमुळे. त्यांची ही एकुलती एक मुलगी लातूरची बँकेतली नोकरी सोडून मनालीला गेली आणि डोंगरउतारावर लोकांना स्कीइंग शिकवू लागली. निघताना काका तिला म्हणाले, "मग ह्या स्टँडला तुझी गाडी पुन्हा लागायची न्हाई." त्यानंतर दोन हिवाळे गेले, दोघं बोललेले नाहीत. काकू तिच्याशी फोनवर बोलू लागल्या की काका मोरीत जाऊन नळ सोडून बसतात.

पण ती जिथे राहते तिथलं हवामान ते देवाच्या नावासारखं रोज घेतात. बर्फ कसा कोसळतो याचे इंग्रजी व्हिडिओ लावतात आणि मला शेजारी बसवतात, कारण मी इंग्लिश मीडियमची. "पोरी, हा गोरा काय म्हणून राहिला?" मी सांगते. मग त्याचा मेसेज होतो आणि तो माझ्या नावाने रेणूला जातो. "माझं नाव काढलंस तर खबरदार." मी मुळातच फारशी बोलत नाही. बहुतेक म्हणूनच त्यांनी मला निवडलं असावं.

काकांचं शास्त्र थोडक्यात असं. हिवाळा संपताना खरा धोका उन्हाचा. रात्र निरभ्र असली की वरचा बर्फ गोठून कडक होतो. पहाटे त्यावर जायचं आणि ऊन लागून तो मऊ पडायच्या आत खाली यायचं. रात्री ढग असले तर मात्र जायचंच नाही. "आभाळ म्हंजे गोधडी. रातभर पांघरली तर गोठंल कसं?"

त्या दिवशी पेपर यायच्या आधी काका आमच्या दारात उभे होते. अंगात नुसता बनियन.

"रात्री तिकडं आभाळ होतं. गोठलाच न्हाई. ती कुठं हाय?"

रेणूने आदल्या संध्याकाळी मला कळवलं होतं की ती चार पाहुण्यांना घेऊन वरच्या उतारावर जाणार आहे. मी ते सांगितलं. काकांनी भिंतीला हात टेकला.

"टाक मेसेज. म्हणावं, जाऊ नको."

मेसेज गेला, पोचला नाही. फोन लागला नाही. मग त्यांनी मला ती राहते तिथल्या घरमालकिणीला फोन करायला लावला. अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते, त्यात हिंदी. मालकीण म्हणाली, गेले सगळे. पाहुणे वेळेवर उठले नाहीत म्हणून उशिराच निघाले.

"उशिरा?" काका म्हणाले.

तेवढ्यात काकू बाहेर आल्या, हाताला कणीक. "काय झालं?"

"काय न्हाई. पोरीला इंग्रजी विचारून राहिलो."

"बनियनवर?"

काकूंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्या आत गेल्याच नाहीत.

ऊन समोरच्या भिंतीवरून उतरून अंगणात आलं. काका त्याच्याकडे एकटक बघत होते. आईने पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही. "हेच ऊन तिकडं बी लागून राहिलंय," ते हळूच म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

फोन वाजला तेव्हा मी दचकून तो जवळजवळ टाकलाच. रेणू! मी स्पीकर लावला.

"अगं, अर्ध्यातून परत आणलं सगळ्यांना," ती धापा टाकत होती. "गुडघ्यापर्यंत पाय रुतायला लागले. पाहुणे भांडले माझ्याशी, म्हणे आम्ही एवढ्या लांबून आलो. मी म्हटलं, उतरायचं म्हणजे उतरायचं. आम्ही खाली पोचलो आणि वरचा अख्खा उतार सुटला गं. त्याचा आवाज… तू नेहमी सांगतेस ना आभाळाचं, तेच डोक्यात होतं."

काकांनी मला मानेनेच नको म्हटलं.

"तिथं कोण आहे?" रेणूने विचारलं. "एवढा मोठा श्वास कोण घेतंय?"

काका एक पाऊल मागे सरकले.

"बाबा?"

काकांनी घसा खाकरला. मला वाटलं आता स्टँडभर ऐकू जाईल असं काहीतरी येणार. पण ते एवढंच म्हणाले, "रात्री गोठला नव्हता."

"न्हाई, बाबा. नव्हता गोठला."

काकू तशाच उभ्या होत्या, हातावरची कणीक वाळून तडकली होती.

"उद्या दुसरा गट आहे," रेणू म्हणाली. दोन वर्षं जिने कुणाला काही विचारलं नव्हतं, ती म्हणाली, "आज रात्री आभाळ निवळेल म्हणतात. जाऊ का, बाबा?"

काका आमच्याकडे पाठ करून उन्हात उभे राहिले.

"पहाटे निघ," ते म्हणाले. "कडक असंल तरच चढ. अन् ऊन लागायच्या आत ये."

"हाव," ती म्हणाली. "येते."